जी-चौदा, तपासले

सासूबाई गेले पाच आठवडे जावयाशी बोलत नव्हत्या. त्या फ्रिजशी बोलत होत्या. सकाळी हेडक्लार्क चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले की सासूबाई फ्रिजकडे तोंड करून म्हणायच्या, "काही लोकांची अंघोळ झाली असेल तर गीझर बंद करायला सांग." फ्रिज बिचारा घरघरायचा आणि हेडक्लार्क मुकाट्याने जाऊन गीझर बंद करायचे. तीन माणसांच्या घरात सध्या सगळ्यात जास्त मान कुणाला असेल तर तो फ्रिजला होता.

आता एवढं काय घडलं होतं ते सांगायलाच हवं, कारण हेडक्लार्क स्वतः ते कधी सांगणार नाहीत.

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. "थांबा, जोडून देते" हे वाक्य त्या इतक्यांदा बोलल्या होत्या, की निवृत्तीनंतर त्यांना दुसरं एखादं वाक्य बोलायची फार हौस होती. ती हौस सहासष्टाव्या वर्षी पुरी झाली. एका नाट्यमंडळाने त्यांना नाटकात घेतलं. काम म्हाताऱ्या मोलकरणीचं. पहिल्या अंकात बऱ्याच वर्षांनी घरचा मुलगा परत येतो, दार वाजवतो, ही दार उघडते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "आलात? या. उशिरा का होईना, आलात." झालं. पुन्हा नाटकात कुठे दिसत नाही. पण हे वाक्य म्हणजे नाटकाचा कणा आहे, असं दिग्दर्शक त्यांना म्हणाला होता. दिग्दर्शक असं प्रत्येकालाच म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग काय, दोन महिने घराचं दार उघडायचा हक्क फक्त सासूबाईंचा. दूधवाला आला, "आलात? या. उशिरा का होईना, आलात." इस्त्रीवाला आला, तेच. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस तर ते ऐकून गहिवरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपली अशी वाट कुणीच पाहिली नव्हती, असं तो जिन्यात कुणाला तरी सांगत होता.

पहिला प्रयोग आला. हेडक्लार्क जी रांगेत चौदा नंबरला बसले, दिवे गेले, आणि दिवसभर फायली उपसलेल्या त्या माणसाला गार हवेत, मऊ खुर्चीत जी लागायची ती लागलीच. झोप लागली इथपर्यंत ठीक होतं. पण रंगमंचावर दार उघडलं, सासूबाईंनी जीव ओतून "आलात?" म्हटलं, आणि जी-चौदामधून झोपेतच, खणखणीत आवाजात उत्तर आलं, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

सव्वीस वर्षांची नोंदणी कार्यालयाची सवय, दुसरं काय. प्रेक्षागृह असं हसलं, असं हसलं, की दोन मिनिटं नाटक थांबलं. परत आलेला मुलगासुद्धा पाठ फिरवून हसत होता. सासूबाईंचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फ्रिजशी बोलायला सुरुवात केली.

आणि आता शेवटचा प्रयोग होता. त्याची सूचनाही फ्रिजमार्फतच मिळाली. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता शेवटचा प्रयोग आहे. काही लोकांना यायचं असेल तर त्यांनी पुन्हा जी-चौदालाच बसावं, म्हणजे रंगमंचावरून दिसेल. जागं राहणं जमणार नसेल तर येऊ नये. मग मी रविवारी बॅग भरते आणि मुलाकडे कायमची राहायला जाते. हे ऐकून बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती रात्री नवऱ्याला म्हणाली, "अहो, आई गेली तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि तुम्हीही स्वतःला करणार नाही, हे मला माहीत आहे."

तिचं खरं होतं. हेडक्लार्कांना सासूबाई मनापासून आवडत. रोज संध्याकाळी दोघं मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. आडवे शब्द यांचे, उभे त्यांचे. पाच आठवड्यांची कोडी अर्धी आडवीच भरलेली पडली होती. तो गठ्ठा बघून हेडक्लार्कांना भरून यायचं, पण ते कुणाला दाखवायचे नाहीत.

तेव्हा या वेळी चूक म्हणून होऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि हेडक्लार्कांनी एखादी गोष्ट ठरवली की ती कशी करतात, हेही सांगून ठेवतो. त्यांच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असते. समोर आलेला कागद ते तीनदा वाचतात, नजर टाकतात तिथे बारीक बरोबरच्या खुणा करतात आणि शेवटी कागदावर आडवं, ठसठशीत "तपासले" लिहून खाली सही ठोकतात. ऑफिसात तर झालंच, पण घरातली वाण्याची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, लग्नाच्या आल्बमचं पहिलं पान, सगळ्यावर "तपासले" आहे. नाटकाची दोन तिकिटं हातात आल्यावर त्यांनी वार तपासला, तारीख तपासली, वेळ तपासली, रांग तपासली, खुर्ची तपासली, आणि दोन्ही तिकिटांवर जिथे जरा मोठी अक्षरं होती तिथे, नीट दाबून, "तपासले" लिहिलं. खाली काय छापलं होतं ते त्या लाल रंगाखाली गेलं. तिथे छापलं होतं, "लहान रंगमंच, दुसरा मजला."

बायको आईच्या केसांना, पोशाखाला मदत करायला रंगपटात जाणार होती, म्हणून दुसरं तिकीट तळमजल्यावरच्या काकांना मिळालं. काकांनी तीस वर्षांपूर्वी ऑफिसच्या स्नेहसंमेलनात एकदा पडदा ओढला होता आणि तेव्हापासून ते रंगभूमीतले जाणकार होते. झोप कशी घालवावी यावर बिल्डिंगमध्ये चर्चा झालीच. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, एक नंबर लहान बूट घाला. समोरच्यांनी सुचवलं, पुढच्या माणसाच्या टकलावरचे केस मोजा. काकांचा उपाय मात्र पटण्यासारखा होता. किल्ल्यांचा जुडगा मागच्या खिशात ठेवायचा आणि त्यावर बसायचं. हेडक्लार्कांनी घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या आणि एका कधीच विकून टाकलेल्या स्कूटरच्या मिळून अकरा किल्ल्या मागच्या खिशात घातल्या.

काकांच्या सल्ल्याने दोघं साडेचारलाच नाट्यगृहावर पोचले. पहिला प्रयोग दुसरीकडे झाला होता, हे नाट्यगृह त्यांना नवीन आणि भलंमोठं. खाली कँटीन, तिथे बसून काकांनी पडदा ओढल्याची हकिगत सांगितली. ती हकिगत संपते न संपते तोच दुसरी घंटा झाली. काका उठले, गर्दी जिकडे चालली होती तिकडे चालू लागले आणि हेडक्लार्क त्यांच्यामागून. दारावरच्या डोअरकीपरने तिकीट पाहिलं. त्याला जी दिसलं, चौदा-पंधरा दिसलं, सहा वाजता दिसलं आणि वर लाल अक्षरांत "तपासले" दिसलं. आपल्या आधी कुणीतरी तपासलंय म्हटल्यावर तो कशाला पुन्हा तपासतो. त्याने दोघांना आत सोडलं.

जी-चौदा आणि पंधरावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी बसलेल्या होत्या.

इथे हेडक्लार्कांचं खरं रूप बाहेर आलं. त्यांनी आधी सौम्यपणे सांगितलं, ही जागा आमची. गृहस्थांनी शांतपणे आपलं तिकीट दाखवलं. जी-चौदा, पंधरा. हेडक्लार्कांनी आपलं दाखवलं. जी-चौदा, पंधरा. तारीख तीच, वेळ तीच. गृहस्थ म्हणाले, काहीतरी घोटाळा दिसतोय. हेडक्लार्क म्हणाले की घोटाळा असेल तर तो तुमच्या कागदात असणार, कारण तुमच्या कागदावर तपासल्याची नोंद नाही आणि माझ्या कागदावर आहे, सहीसकट. गृहस्थांनी ती नोंद कुणी केली असं विचारलं. हेडक्लार्कांनी छाती पुढे काढून सांगितलं, मी. काकांनी मान डोलावून साक्ष दिली. मागच्या रांगेतले लोक "बसा, बसा" करू लागले, तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले. मॅनेजर धावत आला, अंधारात दोन्ही तिकिटं पाहून त्याने कपाळाला हात लावला. एकच जागा दोनदा विकली गेली असं त्याला वाटलं. तो गृहस्थांच्या कानात काहीतरी पुटपुटला. गृहस्थ उठले, पत्नीला हात दिला, हेडक्लार्कांकडे एकदा निरखून पाहिलं आणि मॅनेजरबरोबर निघून गेले.

मॅनेजर त्यांना म्हणाला होता, की वरच्या लहान रंगमंचावर एक घरगुती नाटक आहे, तिथे दोन चांगल्या खुर्च्या रिकाम्या दिसताहेत, तिथे बसवतो. त्या दोन खुर्च्या कोणत्या, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच. हेडक्लार्कांच्या लक्षात यायला अजून पस्तीस मिनिटं होती.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक दार होतं, ते पाहून हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या प्रयोगाला ते झोपले असल्यामुळे नाटकात काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. दार असतं एवढंच माहीत होतं. दारासमोर एक माणूस खुर्चीत बसला होता. तो बोलत नव्हता. दहा मिनिटं झाली तरी बोलत नव्हता. मग त्याने एक उसासा टाकला आणि काका कुजबुजले, "वा." हेडक्लार्क किल्ल्यांवर बसून दाराकडे टक लावून बघत राहिले. स्कूटरची किल्ली सगळ्यात जास्त टोचत होती, पण शुद्ध पूर्ण होती.

शेवटी एकदाचं दार वाजलं. दार उघडलं आणि हातात कंदील घेऊन एक म्हातारी आत आली. हेडक्लार्क ताडकन उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सबंध प्रेक्षागृहात तो एकट्याचा कडकडाट फार मोठा वाटला. चारी बाजूंनी शूः शूः झाल्यावर ते खाली बसले आणि किल्ल्यांमुळे परत अर्धे उठले. मग त्यांनी नीट पाहिलं. सासूबाई जेमतेम पाच फूट. ही बाई चांगली साडेपाच फूट होती.

त्यांनी काकांना विचारलं. काकांनी जाणकाराची मान हलवली. टाचा उंच, खांद्यात कापूस, आणि वरून येणारा उजेड. रंगभूमीवर माणूस अर्धा फूट सहज वाढतो. आवाजही वेगळा वाटतोय म्हटल्यावर काका म्हणाले, यालाच अभिनय म्हणतात. हेडक्लार्कांना पटलं. खरं म्हणजे त्यांना पटवून घ्यायचं होतं. एकदा झोपून अपमान केला होता, आता संशय घेऊन कुठे दुसरा करायचा. पण म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. समुद्राबद्दल बोलली, अंधाराबद्दल बोलली, स्वतःच्या हाडांबद्दल तर फारच बोलली. सहा मिनिटं झाली, आठ झाली. एका वाक्याचं एवढं भाषण झालं म्हणजे सासूबाईंना बढती मिळाली होती आणि आपल्याला घरात कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. कुणाला म्हणून सांगतील, फ्रिजला सांगितलं असेल. हेडक्लार्कांचा ऊर अभिमानाने भरून आला आणि डोळेही भरून आले.

आणि अकराव्या मिनिटाला म्हातारीने कंदील खाली ठेवला, छातीवर हात घेतला आणि ती धाडकन कोसळली.

हेडक्लार्कांच्या तोंडून "आई" अशी हाक गेली. ती अशी काही गेली की पुढच्या दोन रांगांतल्या बायकांनी रुमाल काढले. शेजारी सोळा नंबरला बसलेल्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून विचारलं, काय झालं, बरं वाटत नाहीये का. हेडक्लार्क गदगदलेल्या आवाजात म्हणाले, "माझ्या सासूबाई आहेत त्या."

बाईंनी हात काढून घेतला. "ती माझी सख्खी मोठी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिचं लग्न झालेलं नाही."

हेडक्लार्कांनी खिसा चाचपला. त्यांनी मोबाइलच्या उजेडात तिकीट धरलं. स्वतःच्या "तपासले"खालून, पेन्सिल जरा पुसट झाली होती तिथे, एक "ल" दिसत होता. त्यांनी बोटाला थुंकी लावून ते घासलं. "लहान" असं वाचता आलं आणि पुढे वाचायची गरज उरली नाही. काकांना गदागदा हलवलं तर ते झोपले होते. रंगभूमीचे जाणकार त्या उसाशानंतर काही वेळातच झोपले असावेत, आणि मघाची ती टाचांची, कापसाची माहिती त्यांनी अर्धवट झोपेतच दिली असावी.

जी रांगेतून बाहेर पडताना हेडक्लार्कांनी तेरा माणसांचे पाय तुडवले. प्रत्येकाची माफी मागितली, ती जरा मोठ्याने झाली. रंगमंचावर मेलेल्या म्हातारीने एक डोळा उघडून पाहिलं असं काका नंतर शपथेवर सांगत होते. दोन मजले जिने चढून, धापा टाकत, किल्ल्यांचा खुळखुळाट करत ते लहान रंगमंचाच्या दाराशी पोचले. दार बंद. बाहेर स्टुलावर एक डोअरकीपर बसलेला. त्याने तिकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. या खुर्च्यांवर माणसं बसलेली आहेत, आणि ती खुद्द मॅनेजरसाहेबांनी बसवली आहेत, असं तो म्हणाला. हेडक्लार्कांनी समजावलं, विनवलं, हात जोडले. आत माझ्या सासूबाईंचं एक वाक्य आहे, ते ऐकलं की मी लगेच बाहेर येतो. डोअरकीपरने विचारलं, तुमच्याकडे मॅनेजरसाहेबांची चिठ्ठी आहे का. नाही म्हटल्यावर त्याने मॅनेजरसाहेब कुठे आहेत ते पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

हेडक्लार्क भिंतीला टेकले. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती माणसांना ऐकवलं होतं, त्याची नोंद कुठेच नव्हती. ऐकताना ते असं लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. आज शेवटचा प्रयोग आहे हो, उद्या नाही, एवढंच ते कसंबसं म्हणाले. आणि त्याच वेळी आतून टाळ्या ऐकू आल्या. चांगल्या भरपूर, थांबून थांबून पुन्हा येणाऱ्या. त्या कशाच्या टाळ्या आहेत हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि किल्ल्या टोचल्या तरी उठले नाहीत.

मध्यंतर झालं. खालून काका डोळे चोळत वर आले. तोंड दाखवायचं कसं हा प्रश्न होता, पण न दाखवून जायचं कुठे हाही होताच. दोघं रंगपटात गेले.

छोटीशी खोली, आरशाभोवती दिवे, खुर्चीत मोलकरणीच्या पोशाखात सासूबाई. हेडक्लार्क दारात दिसताच त्या उठल्या, दोन्ही हात पुढे करून आल्या आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या. "जावईबापू, तुम्ही उभे राहिलात."

हेडक्लार्कांना काही कळेना. सासूबाई सांगत सुटल्या. दार उघडलं आणि सवयीने आधी जी-चौदाकडे पाहिलं. रंगमंचावर चष्मा घालू देत नाहीत, तेव्हा चेहरा दिसला नाही, पण माणूस सरळ बसलेला दिसला. झोपलेला नव्हता. वाक्य बोलले, आणि तो माणूस उठून उभा राहिला. उभा राहून टाळ्या वाजवायला लागला आणि मग सगळेच वाजवायला लागले. मला वाटलं होतं तुम्ही येणारच नाही, असं म्हणून त्यांनी रुमालाने डोळे टिपले आणि गालावरचा रंग कानापर्यंत गेला. बायको शेजारी उभी होती. तिने नवऱ्याचा हात असा दाबला, की लग्नाच्या दिवशीसुद्धा दाबला नव्हता.

काकांनी तोंड उघडलं. हेडक्लार्कांनी त्यांच्या पायावर पाय दिला. काकांनी तोंड मिटलं.

तेवढ्यात दार वाजलं. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आत आल्या. दार उघडणाऱ्या बाई कोण, त्यांना भेटायचंय, असं ते विचारत होते आणि विचारता विचारता त्यांची नजर हेडक्लार्कांवर पडली. पत्नी म्हणाल्या, अहो, हेच ना ते, आणि गृहस्थांनी हळूच त्यांचा हात दाबला. बहुधा एका नजरेत त्यांना सगळं समजलं असावं.  नुसते उभे राहिले आणि वाट बघत राहिले.

हेडक्लार्कांना वाटलं, गप्प राहावं. कुणाचं काय बिघडतंय. सासूबाई खूश, बायको खूश, रविवारी बॅग भरायला नको, उद्यापासून शब्दकोडं. एक शब्द न बोलता एवढं सगळं मिळत होतं. पण मग ती चौदा नंबरची दुसऱ्याची टाळी जन्मभर स्वतःच्या नावावर वागवायची, आणि सासूबाई दर सणासमारंभाला ती आठवण काढणार. खोट्या नोंदीवर सही करणं त्यांना सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं. त्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि सासूबाईंच्या हातात ठेवलं.

"आई, तो मी नव्हतो," ते म्हणाले. "हे होते. मी चुकीच्या नाटकात बसलो होतो. जागा होतो, पण चुकीच्या नाटकात."

मग सगळं सांगितलं. लाल पेन्सिल, म्हातारी, हाडं, तिचं मरण, डोअरकीपर.  सासूबाईंनी चष्मा लावला. तिकीट पाहिलं, "तपासले" पाहिलं, दाढीवाल्या गृहस्थांना पाहिलं, जावयाला पाहिलं. मग आरशाकडे वळल्या आणि आरशाला म्हणाल्या, "काही लोकांना म्हणावं, माझी बॅग माळ्यावर आहे. ती काढून ठेवायची."

बायकोने नवऱ्याचा हात सोडला. तेव्हा गृहस्थच पुढे झाले. ते निवृत्त न्यायाधीश निघाले. सगळी हयात न्यायालयात गेली, पण इतक्या ठामपणे चुकीचा कागद माझ्यासमोर कुणी ठेवला नव्हता, आणि तो चुकीचा होता असं स्वतःहून येऊन तर कुणीच सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, पुढचा भाग कसा आहे हो. सासूबाईंनी तोंड वळवूनच सांगितलं, की मला काय माहीत, इतक्या प्रयोगांत मी समोरून एकदाही पाहिलेला नाही. न्यायाधीशांनी लगेच निकाल दिला. आम्ही दोघं खाली आमच्या जागेवर जातो. तुमच्या जी-चौदा, पंधरावर तुम्ही आणि जावई बसा. काका कुठे बसतील असा प्रश्न निघाला, तेव्हा काका म्हणाले, मी विंगेत थांबतो, पडदा अडकला तर.

सासूबाईंनी अंगावर शाल ओढली आणि पंधरा नंबरला येऊन बसल्या. चौदाकडे पाठ. हेडक्लार्क किल्ल्यांवर बसले. मघाचाच डोअरकीपर बॅटरी घेऊन आत उभा होता. अंक सुरू झाला. हेडक्लार्कांनी डोळे ताणून धरले. पुढच्या माणसाच्या टकलावर केस सतरा होते, ते त्यांनी तीनदा तपासले. पंधरा मिनिटं गेली असतील, तोच त्यांच्या खांद्यावर काहीतरी जड येऊन पडलं. पाहतात तर सासूबाईंचं डोकं. इतक्या दिवसांची धावपळ, आजचं दडपण, गार हवा, मऊ खुर्ची. त्या गाढ झोपल्या होत्या आणि गालावरचा रंग जावयाच्या शर्टाला लागला होता.

हेडक्लार्क हलले नाहीत. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

आणि रंगमंचावर दार वाजलं. नाटकातले वडील गंभीर आवाजात म्हणाले, "कोण आहे?" प्रेक्षागृहात चिडीचूप. त्या शांततेत जी-पंधरामधून, झोपेतून, एक्स्चेंजच्या त्या खणखणीत आवाजात उत्तर आलं, "आलात? या. उशिरा का होईना, आलात."

एक क्षण गेला आणि सबंध प्रेक्षागृह हसून कोसळलं. वडील टेबलाचा आधार घेऊन हसत होते. विंगेतून काकांचं हसू वेगळं ओळखू येत होतं. सासूबाई दचकून जाग्या झाल्या. काय झालं ते त्यांना कळलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. डोअरकीपर तरातरा आला, बॅटरी जी रांगेवर मारली आणि विचारलं, कोण बोललं.

हेडक्लार्क उभे राहिले. "मी," ते म्हणाले.

डोअरकीपर म्हणाला, आवाज बाईचा होता.

"माझा आवाज असाच आहे," हेडक्लार्क सबंध प्रेक्षागृहाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "झोपेत बोलायची मला सवय आहे. मागच्या वेळीही मीच बोललो होतो. इथल्या पुष्कळांनी ऐकलंय. सगळ्यांची माफी मागतो."

मग ते उभे आहेतच तर म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्याने. आधी लोक हसले, मग कुणीतरी साथ दिली, मग सगळ्यांनीच. शेवटी रंगमंचावरचे वडीलसुद्धा जी-पंधराकडे वळून टाळ्या वाजवू लागले. शालीत गुरफटलेल्या सासूबाईंनी मान खाली घातली, आणि घातलेल्या मानेनेच थोडंसं वाकून अभिवादन केलं.

टाळ्या थांबल्या, हेडक्लार्क खाली बसले, किल्ल्या टोचल्या, ते विव्हळले. सासूबाईंनी पाहिलं. काय आहे ते, असं त्यांनी हातानेच विचारलं. हेडक्लार्कांनी खिशातून अकरा किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला आणि तो कशासाठी ते कानात सांगितलं. सासूबाई बराच वेळ त्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या. नाटक पुढे सुरू झालं. मग त्यांनी जुडगा जावयाच्या हातातून काढून घेतला, तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

"खुर्च्या फारच मऊ आहेत हो, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "माणसाने तरी काय करावं."

आणि त्यांनी पुन्हा डोकं खांद्यावर टेकलं. अंक संपेपर्यंत दोघंही उठले नाहीत. पडदा पडला तेव्हा काकांनी विंगेतून वाकून पाहिलं, तर जी-चौदा आणि जी-पंधरा दोन्ही गाढ झोपलेले होते.